मुलांची स्वतःची वही

(समुद्रपूर येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चालकांनी आज्ञा केली व ती आम्ही शिरसावंद्य मानली. अशा प्रसंगी वक्त्याने परीक्षेतील यश, उच्च शिक्षण, शिष्यवृत्त्या व नोकऱ्या यांविषयी बोलावे असा प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. ज्या विद्यार्थ्यांचा आताच येथे गौरव झाला त्यांचे आम्हीही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु गुणपत्रिकेत जिला रकानाच नाही अशा एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधण्याचा आज आमचा मानस आहे. मुलाने वर्गात बसून स्वतःविषयी, स्वतःच्या शब्दांत, कोणाच्याही भीतीवाचून चार ओळी लिहाव्यात. त्या लिहिण्याने त्याच्या मनावरील भार थोडा हलका व्हावा व त्याची स्वतःशी ओळख व्हावी, ही ती गोष्ट होय. शाळेने यासाठी थोडा वेळ द्यावा आणि घराने हे लिहिणे होऊ द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आपण म्हणाल, मुले शाळेत निबंध लिहितातच की! होय, लिहितात. पण ते कसले असतात ते आठवून पाहा. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, मोडक्या छत्रीचे आत्मवृत्त, पडक्या किल्ल्याचे मनोगत! जगातील यच्चयावत निर्जीव वस्तूंची आत्मवृत्ते मुलाकडून लिहवून घेण्यात येतात. राहून जाते ते एकट्या मुलाचे. 'माझी आई' हा विषय फळ्यावर लिहिला की चाळीस वह्यांतून एकच आई बाहेर पडते. ती पहाटे उठते, सडासंमार्जन करते व सर्वांवर माया करते. ज्या मुलाची आई हयात नाही, तोही मार्गदर्शक पुस्तकातील तीच आई सुवाच्य अक्षरात उतरवून देतो व दहापैकी आठ गुण मिळवितो. त्या वेळी त्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करण्यास वेळापत्रकात जागा नसते.

वस्तुतः स्वतःचे सुखदुःख शब्दांत मांडून मन मोकळे करणे ही आपल्या मराठी मुलुखाला नवी गोष्ट नाही. नवविधा भक्तीमध्ये अखेरची व श्रेष्ठ भक्ती आत्मनिवेदनाची मानली आहे. सतराव्या शतकात संत बहिणाबाई शिऊरकर यांनी आपले जीवनवृत्त अभंगांतून सांगितले. संसारातील छळही त्यांनी लपविला नाही. आणि संतांपर्यंत तरी कशाला जावे? आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत, तेव्हा दळणाबरोबर त्यांच्या मनातलेही बाहेर पडे. सासुरवास, माहेरची ओढ, गेलेले लेकरू, जे कोणापाशी बोलता येत नसे ते त्या जात्यापाशी बोलत. हेमा राईरकर व गी प्वातवँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. यावरून हा केवढा मोठा आधार होता याची कल्पना यावी. पुढे गिरणी आली व जाते अडगळीत गेले. स्त्रियांचे कष्ट वाचले हे उत्तमच झाले. परंतु मन मोकळे करण्याची ती जागाही त्याबरोबर गेली. आज आपण मुलाला जी वही द्यावी असे म्हणतो, ती तशीच एक जागा आहे असे समजावे.

महात्माजींच्या आत्मकथेतील एक प्रसंग आपणांपैकी अनेकांनी वाचला असेल. पंधरा वर्षांच्या मोहनने भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला होता. वडिलांपुढे तोंडाने कबुली देण्याचा धीर होईना, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. तीत दोष कबूल केला, शिक्षा मागितली व ती चिठ्ठी रुग्णशय्येवर पडलेल्या वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून आसवे गळून कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी तो कागद फाडून टाकला व ते पुन्हा आडवे झाले. ना शब्दाचा मार, ना उपदेश! जे जिभेवर येऊ शकत नाही ते लेखणीतून येऊ शकते, हे या प्रसंगावरून दिसते. त्याचबरोबर, लिहिणाऱ्याचे मन निवळते की आणखी गढूळ होते, हे पुष्कळदा वाचणाऱ्याच्या वागण्यावर ठरते, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

तोच मोहन पुढे आपल्या जिल्ह्यात येऊन राहिला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९३८ साली हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला आणि आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात नई तालीमचे काम उभे केले, हा इतिहास वर्धा जिल्ह्यातील कोणास नव्याने सांगावयास नको. टकळी आणि चरखा यांची आठवण सर्वांना असते; पण त्या शाळांत मुले आपल्या कामाची रोजनिशीही ठेवीत, हे फारसे सांगितले जात नाही. आज किती सूत निघाले, धागा कोठे तुटला, आकाश कसे होते, बागेत काय उगवले, हे ज्याने काम केले त्यानेच लिहावयाचे. स्वतःच्या हातांनी केलेले, डोळ्यांनी पाहिलेले व मनाला जाणवलेले लिहू लागले की मूल स्वतःकडेही पाहू लागते. त्याच सेवाग्रामच्या परिसरात २००५ साली आनंद निकेतन विद्यालय सुरू झाले व नई तालीमचा खंडित झालेला धागा पुन्हा जोडला गेला, ही आपल्या जिल्ह्यास भूषणावह गोष्ट आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे मूळ याहूनही मागे जाते. ज्योतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. वय अवघे चौदा वर्षांचे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्राच्या १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांना कसे हाकलून देण्यात येई, घरावर छप्परही नसता स्त्रियांना बाळंतपणाच्या वेदना कशा सोसाव्या लागत, हे तिने कोणाचीही भीड न धरता लिहिले. आणि ज्ञान हेच या दुखण्यावरील औषध आहे असे आपल्या बांधवांना सांगितले. या लिहिण्याने तिची एकटीचीच व्यथा बोलकी झाली असे नव्हे, तर आपण कोण आहोत व आपल्यावर काय गुदरले आहे हे तिला स्वतःला व ऐकणाऱ्या समाजाला एकदमच कळले. आज आपण ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर बसलो आहोत म्हणून हे नाव आम्ही मुद्दाम घेत आहो. दुसऱ्या ज्ञातीच्या मुलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी वर्गात लिहिलेली ती पाने आपल्याही मुलांना गुरुस्थानी असावीत. वर्गातील वही कोणाची ज्ञात विचारीत नाही.

पूज्य साने गुरुजींचे उदाहरण याच मालिकेतील आहे. १९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, तीत बालपणीचे हट्ट, चुका, लाज आणि रडणे यांपैकी काहीही झाकून ठेवले नाही. यात शिक्षकांसाठी बोध आहे तो असा की, मुलांनी मन उघडावे असे ज्यास वाटते त्याने प्रथम आपले मन उघडावे.

आता आपण आपल्या तालुक्याकडे वळू. येथे कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर घरे चालतात. पाऊस लांबला किंवा भाव पडला की त्याचा पहिला आघात घरातील बोलण्यावर होतो. माणसे गप्प होतात. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांकरिता साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. साहाय्याचे हिशेब होतात, पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत आकडे येतात. परंतु ज्या घरातून कर्ता पुरुष गेला, त्या घरातील मूल तेराव्यानंतर पुन्हा शाळेत येऊन बाकावर बसते, त्या मुलाशी काय बोलावे हे कोणालाच सुचत नाही. शिक्षक डोळा चुकवितात, सोबती कुजबुजतात, घरी आई स्वतःच कोलमडलेली असते. मोठी माणसे म्हणतात, 'पोर लहान आहे, विसरून जाईल.' बंधुभगिनींनो, पोर विसरत नसते. ते फक्त बोलत नसते.

आम्ही काही शिक्षकमंडळींनी आपापल्या वर्गांत अशा वह्यांचा उपक्रम करून पाहिला. त्यातील एका मुलाची हकिकत, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे सांगतो. हा मुलगा कित्येक आठवडे आपल्या वहीत, आज विशेष काही नाही, एवढीच ओळ लिहीत असे. आम्ही त्यास कधी टोकले नाही. पोळ्याच्या सुटीनंतर त्याने प्रथमच अर्धे पान लिहिले. वडील गेल्यावर घरची बैलजोडी विकली गेली होती. पोळ्याच्या दिवशी तो दुसऱ्यांच्या बैलांमागे तोरणाखाली उभा राहिला. आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला धाकट्या भावाचा लाकडी बैल घेऊन गेला. लाकडी बैल कोणी विकत नाही, असे त्याने शेवटी लिहिले होते. त्या अर्ध्या पानात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. आमच्या सहकारी शिक्षकांनी त्यांतील एकीलाही तांबडी शाई लावली नाही. त्यांनी खाली एवढेच लिहिले की वाचले, आणि बैलांची नावे काय होती असे विचारले. दुसऱ्या खेपेस मुलाने दोन पाने भरून बैलांच्या खोडी लिहिल्या, आणि त्या दोन पानांतून बैलांच्या मागे चालणारे त्याचे वडीलही आले. तो मुलगा एकदम हसूखेळू लागला असा चमत्कार आम्ही सांगत नाही. पण त्याने वडिलांचा उल्लेख करण्यास सुरुवात केली, पुढे घरी आईशीही तो त्यांच्याविषयी बोलू लागला, आणि आपल्याला गुरांची चांगली पारख आहे हे त्याचे त्यालाच कळले.

हे लिहिणे कसे घ्यावे याविषयी आम्हांस जे योग्य वाटते ते थोडक्यात सांगतो. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे पुरतात. वही निराळी असावी. तिला गुण नसावेत. जे पान शिक्षकांनी वाचू नये असे मुलास वाटेल ते त्याने दुमडून ठेवावे व शिक्षकांनी तो दुमड देवघरातील कुलपाप्रमाणे मानावा. शिक्षकांनीही त्याच वेळात स्वतःच्या वहीत लिहावे. 'तुझे दुःख लिही' असे कदापि सांगू नये. दुःख हुकमाने येत नाही व आलेच तर खरे नसते. 'आजीचे हात', 'आमच्या घरचा संध्याकाळचा आवाज', 'कापूस वेचणीचा दिवस', 'मी एकटा असतो तेव्हा' असे साधे विषय द्यावेत; कोणाला गिरडच्या टेकडीवर लिहावेसे वाटेल, कोणाला जामच्या चौरस्त्यावरील रहदारीवर, तर तेही चालावे. आणि भाषेची सक्ती नसावी. घरी 'माहा' व 'काहून' बोलणाऱ्या मुलाला वहीतही 'माहा' व 'काहून' लिहू द्यावे. प्रमाण मराठी त्यास अवश्य यावी. तिच्यासाठी भाषेचा तास आहेच. परंतु मन ज्या बोलीत रडते त्या बोलीतच ते प्रथम बोलते.

या उपक्रमास आधुनिक शास्त्राचाही काही आधार आहे. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास लावले. ज्यांनी आयुष्यातील क्लेशकारक घटना आणि तिच्याविषयीच्या भावना अशा दोन्ही लिहिल्या, ते लिहिल्यानंतर लगेच अधिक उदास दिसले; परंतु पुढील सहा महिन्यांत आजारपणासाठी आरोग्यकेंद्रात जाण्याची पाळी त्यांच्यावर इतरांपेक्षा कमी वेळा आली. पुढे या प्रकारचे अनेक प्रयोग झाले. २००६ साली त्यांतील १४६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा असा निष्कर्ष निघाला की लेखनाचा लाभ होतो खरा, परंतु सरासरीने पाहता तो अल्प असतो. हे आम्ही मुद्दाम सांगत आहो, कारण आपल्याकडे एखादी चांगली गोष्ट दिसली की तिला रामबाण ठरविण्याची घाई होते. लिहिणे हे दुखऱ्या मनाला आधार देते. ते वैद्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणूनच शिक्षकाने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. ज्या पानात जीव नकोसा झाल्याची भाषा दिसेल, ते पान वाचून वही मिटून ठेवणे हा अपराध होय. अशा वेळी मुलाशी त्याच दिवशी बोलावे, घरातील समंजस माणसास विश्वासात घ्यावे व डॉक्टरांकडे न्यावे. शासनाने २०२२ साली सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते; तो क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवण्याजोगा आहे. तसेच एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे लिखाणातून कळले, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे हे कर्तव्यच ठरते. तेथे गुप्ततेचे वचन चालत नाही. ही मर्यादा मुलांना वह्या देतानाच सांगावी. 'तुझे पान मी कोणास दाखविणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असे मला दिसले, तर मी गप्प बसणार नाही,' असे स्पष्ट सांगितल्याने मुलाचा विश्वास कमी होत नाही, उलट वाढतो असा आमचा अनुभव आहे.

आता एका शंकेचे निरसन करणे आवश्यक आहे, कारण ती आपल्याच घरांतून आम्हांस अनेकदा ऐकू आली. मुले घरचे लिहू लागली तर घराची अब्रू चव्हाट्यावर येणार नाही काय? सावकाराचे देणे, वडिलांचे व्यसन, भाऊबंदकीतील तंटा, मोडलेले लग्न, या गोष्टी चार भिंतींच्या आतच राहाव्यात, असे आपण पिढ्यान्पिढ्या मानीत आलो. ही भीती आम्ही खोटी म्हणत नाही. ज्ञातीत सोयरिकी व्हावयाच्या असतात. एका घरातील बोलणे दुसऱ्या घरात जाण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच वहीची गुप्तता ही शिक्षकाची पहिली जबाबदारी आहे, आणि जो शिक्षक ती पाळू शकत नाही त्याने हा उपक्रम करूच नये. परंतु याची दुसरी बाजूही पाहावी. घरात जे घडते ते मुलास ठाऊक असतेच. रात्री भिंतीपलीकडील बोलणे त्याने ऐकलेले असते, रिकामी कोठी पाहिलेली असते. आपण ते त्याच्यापासून लपवीत नाही. फक्त त्याविषयी बोलण्यास त्यास बंदी करतो. मग ते मूल सारा दोष स्वतःकडे घेते. आपण अधिक शहाण्यासारखे वागलो असतो तर असे झाले नसते, असे त्यास वाटू लागते. या एकाकीपणापेक्षा एक बंद वही पुष्कळ बरी. घराची अब्रू मुलाच्या मौनावर उभी करण्याचा व्यवहार फार महाग पडतो, हे आपल्या भागाने पुरेसे पाहिले आहे.

अखेरीस मंडळास दोन नम्र सूचना कराव्यात असे वाटते. दरवर्षी गुणवंतांच्या सत्कारात आपण प्रशस्तिपत्र व भेटवस्तू देतो; त्याबरोबर एक कोरी वही द्यावी, आणि ती केवळ गुणवंतांनाच नव्हे तर संमेलनास आलेल्या प्रत्येक शाळकरी मुलास, अनुत्तीर्ण झालेल्यासही द्यावी. तीवर मंडळाचे नाव छापावे. पण त्या लेखनाची स्पर्धा मात्र भरवू नये. बक्षिसाकरिता लिहू लागले की मूल परीक्षकाच्या मनातले शोधू लागते व स्वतःच्या मनातले विसरते. दुसरे असे की, आपल्या समाजातील जी शिक्षकमंडळी या तालुक्यात व हिंगणघाट, वर्धा या बाजूंना काम करीत आहेत त्यांनी वर्षातून दोन वेळा एकत्र बसून या विषयाचा विचार करावा. त्या बैठकीचा चहापाण्याचा खर्च मंडळाला जड जाणार नाही.

मातृवर्गास एकच विनंती आहे. आपले मूल वही घेऊन कोपऱ्यात बसलेले दिसले तर तिच्यात डोकावू नका, आणि 'काय लिहितोस रे?' असेही विचारू नका. लिहून झाल्यावर ते बहुधा आपल्याजवळच येऊन बसेल. त्या वेळी हातातले काम क्षणभर बाजूस ठेवावे व ते बोलेल ते ऐकून घ्यावे. बोलले नाही, तरी त्यास जवळ बसू द्यावे.